परतून आलेले दुखणे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात अंबरनाथ येथे केलेले भाषण)



व्याख्यान देणे हा आमचा व्यवसाय नव्हे. आमचे उभे आयुष्य अंबरनाथच्या कारखान्यात भोंग्याच्या तालावर गेले. तरीही कार्यकारी मंडळाने आग्रह केला आणि घरातून अनुज्ञा मिळाली, म्हणून आज चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत. अनुज्ञेचा उल्लेख मुद्दाम केला. कारण आज जे सांगावयाचे आहे ते आमच्या सौ.च्या दुखण्याविषयीचे आहे, आणि ती स्वतः समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे.

आपणांपैकी अनेकांस आठवत असेल, २०१८ च्या स्नेहसंमेलनात याच मंडळाने शाल व श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला होता. २०१३ साली तिला स्तनाचा कर्करोग झाला. परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, ज्यास आपण बोलताना ‘शेक’ म्हणतो ते किरणोपचार झाले, आणि पुढे पाच वर्षे रोज एक गोळी चालू राहिली. ती पाच वर्षे निर्वेध पार पडली, म्हणून तो सत्कार होता. ‘कर्करोगावर विजय मिळविणाऱ्या भगिनी’ असे शब्द त्या वेळी उच्चारले गेले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या, आम्हीही वाजविल्या.

२०२२ साली तो रोग परत आला.

त्या दिवशी रुग्णालयातून बदलापूरला परतताना गाडीत सौ. प्रथम काय बोलली, ते आजच्या भाषणाचे बीज आहे. ती म्हणाली, “अहो, मंडळाची ती शाल आता परत करावी लागेल का हो?” आम्ही काहीच उत्तर दिले नाही. देता आले नाही. ज्या शब्दांनी आपण तिचा गौरव केला, त्याच शब्दांनी तिला पराभूत ठरविले होते, हे आम्हांस त्या क्षणी कळले. विजय म्हटला की त्याच्या पाठीमागे पराजय उभा असतोच. परंतु दुखणे परतणे हा पराजय नव्हे, अपराध तर नव्हेच नव्हे. आणि एवढेच आपल्या कुटुंबांस सांगावे, यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

आता प्रथम आमच्या चुकीचा कबुलीजबाब. सौ.ची पाठ दुखू लागली तेव्हा पावसाळ्याचे दिवस होते. पाण्याची बादली उचलली असेल, गाडीत धक्का लागला असेल, वय झाले असेल, असे म्हणत आम्ही तीन महिने बाम चोळला आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकले. रात्री कूस बदलताना ती कण्हत असे, आणि सकाळी विचारले की “काही नाही” म्हणे. नऊ वर्षे झाली होती. आता त्या रोगाचा काय संबंध, अशी आमची समजूत. अखेर उल्हासनगरला राहणाऱ्या आमच्या वहिनींनी एके दिवशी रोखठोक विचारले, “भावोजी, परळच्या डॉक्टरांना हे सांगितलेत का?” नव्हते सांगितले. मग गेलो. तपासण्या झाल्या, आणि पाठीच्या दोन मणक्यांत रोगाने ठाण मांडल्याचे निष्पन्न झाले.

हे असे का होते, ते डॉक्टरांनी आम्हांस समजेल अशा भाषेत सांगितले. पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच रोगाच्या काही पेशी मूळ गाठीतून निसटून शरीरात अन्यत्र गेलेल्या असू शकतात. त्या इतक्या सूक्ष्म असतात की कोणत्याही यंत्रास दिसत नाहीत. औषधांनी बहुतेक नष्ट होतात; क्वचित काही निद्रिस्त राहतात आणि कित्येक वर्षांनी जाग्या होतात. शेतातील तण उपटून काढले, तरी मातीत एखादे बी राहते, तसाच हा प्रकार.

रोग परत येतो तो तीन प्रकारांनी. त्याच स्तनात किंवा शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ. काखेतील अथवा मानेच्या खालच्या गाठींत. किंवा दूर हाडे, फुप्फुस, यकृत वा मेंदू येथे. दुसऱ्या स्तनात नवीन गाठ झाली तर तो बहुधा नवा रोग असतो. हाडात गेलेला रोग हा हाडाचा कर्करोग नव्हे; तो स्तनाचाच कर्करोग असतो आणि त्याची औषधेही तीच असतात. हे न समजल्यामुळे आमच्या नातलगांत “आता दुसराही कर्करोग झाला” अशी वार्ता पसरली होती.

नऊ वर्षांनी कसा आला, असे पुष्कळांनी विचारले. या रोगाचे प्रकार आहेत. जो प्रकार स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसला जातो, तो सावकाश परततो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ८८ चाचण्यांतील ६२,९२३ स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. या सर्वजणी पाच वर्षे गोळ्या घेऊन रोगमुक्त राहिलेल्या होत्या. तरीही पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत रोग परतण्याचा धोका थोडा थोडा चालूच राहतो, असे त्यात आढळले. मूळ गाठ किती मोठी होती आणि काखेतील किती गाठींत रोग गेला होता, त्यावर तो धोका कमीअधिक होतो. इतर काही प्रकारांत मात्र धोका पहिल्या तीन ते पाच वर्षांत अधिक, आणि पुढे पुष्कळ कमी होतो. म्हणून पाच वर्षे हा मैलाचा दगड खरा. पण तो प्रवासाचा शेवट नव्हे.

यावरून कोणी घाबरून जावे असा आमचा हेतू नाही. पहिल्या उपचारानंतर बहुसंख्य स्त्रियांत, विशेषतः रोग लवकर सापडला असल्यास, तो पुन्हा कधीही येत नाही. परंतु ज्यांच्याकडे येतो, त्यांनी काही केले किंवा केले नाही म्हणून तो येतो असे नव्हे. आमच्याकडे भेटीस आलेल्यांपैकी कोणी विचारले, “पथ्य मोडले का?” कोणी म्हणाले, “फार काळजी करायची, त्यानेच झाले.” एका वडीलधाऱ्या बाईंनी कुळधर्म चुकल्याचे कारण काढले. सर्वांची भावना चांगली होती, याविषयी शंका नाही. परंतु पाहुणे गेल्यावर सौ. स्वयंपाकघरात जाऊन आपण नऊ वर्षांत काय काय खाल्ले याची उजळणी करीत बसे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दुखणाईताच्या खाटेशी बसून कारणे शोधणे हे चोरी झालेल्या घरी जाऊन कडी का लावली नाही म्हणून विचारण्यासारखे आहे.

आता उपचाराविषयी. परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या मुळाशीही एक घरगुती दुःख आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, पुढल्याच वर्षी सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने हे रुग्णालय उभारले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याच्या आधिपत्याखाली आहे. बदलापूरहून तेथवरचे अंतर सुमारे ६० किलोमीटर. पहाटेची गाडी, दादरला उतरणे, आणि परळला पोहोचल्यावर नंबर लावणे, हा मार्ग आपल्या तिन्ही गावांतील कित्येक कुटुंबांच्या पायाखालचा आहे. लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यात, दाखला जवळ असल्यास, कर्करुग्णासही बसता येते, ही गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली. आपण ती लक्षात ठेवावी.

परतलेल्या रोगावर इलाज नाही, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. १८९६ साली ग्लासगो येथील डॉक्टर बीटसन यांनी स्तनाचा रोग बळावलेल्या स्त्रियांचे बीजकोश काढून टाकले आणि गाठी ओसरल्याचे जगास दाखविले. त्याच विचारातून पुढे टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या आल्या, आणि त्यानंतर आणखी नवी औषधे. म्हणून रोग परतला असता डॉक्टर शक्य तेथे पुन्हा तुकडा काढून तपासतात. कारण नऊ वर्षांत रोगाचा स्वभाव पालटलेला असू शकतो, आणि औषध त्या स्वभावाप्रमाणे ठरते. “एकदा तपासले होते, पुन्हा सुई कशाला?” असा हट्ट आम्ही धरला होता, तो अज्ञानाचा होता.

रोग व्रणाजवळ किंवा त्याच स्तनात परतला, तर तो पूर्णपणे बरा करण्याच्या उद्देशानेच पुन्हा उपचार करतात. दूरच्या अवयवांत गेला असता तो समूळ जाईल असे वचन सहसा कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. त्याला आटोक्यात ठेवणे, वेदना कमी करणे आणि चांगले दिवस वाढविणे हे उद्दिष्ट असते. आमच्या डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितले तेव्हा आम्हांस ते कठोर वाटले. आज त्यांचे उपकार वाटतात. खरे कळल्यामुळे आम्हांस बेत करता आला.

सौ.च्या मणक्यांवर थोडे किरणोपचार झाले आणि पंधरवड्यात वेदना पुष्कळ उतरली. हाडे बळकट राहावीत म्हणून ठरावीक काळाने एक इंजेक्शन असते. त्यापूर्वी दात तपासून घ्यावे लागतात. संप्रेरकविरोधी गोळी रोजची. तिच्या जोडीला पॅल्बोसिक्लिब नावाचे औषध २१ दिवस घ्यावयाचे आणि ७ दिवस थांबावयाचे. आरंभी त्याची किंमत ऐकून आम्ही भविष्यनिर्वाह निधीची पासबुके काढून बसलो होतो. सुदैवाने २०२३ च्या जानेवारीत त्या औषधाच्या एकस्वाची मुदत भारतात संपली, देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत एकदम खाली आली. ज्यांना आजही खर्चाची धास्ती आहे, त्यांनी रुग्णालयातील समाजसेवा विभागात जाऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अवश्य करावी. मदत मागण्यात कमीपणा नाही. दागिने मोडल्यावर चौकशी करण्यात शहाणपण नाही.

आपल्या या परळच्या रुग्णालयाने रोग परतू नये म्हणून जे संशोधन केले आहे, त्याचाही अभिमानाने उल्लेख केला पाहिजे. डॉक्टर राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १६०० स्त्रियांवर केलेली एक चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती भूल देण्याच्या साध्या, स्वस्त औषधाचे, लिडोकेनचे, इंजेक्शन द्यावयाचे, एवढाच तो उपाय. इंजेक्शन दिलेल्यांत पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण शेकडा ८६.६ होते, न दिलेल्यांत ८२.६. शेकड्यामागे चार हा आकडा लहान वाटेल; पण त्या चारांत आपल्या घरातील कोणी असेल तर तो लहान राहत नाही.

ज्या भगिनींचे उपचार पूर्वी झाले आहेत, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे सहा ते बारा महिन्यांनी आणि पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावे; वर्षातून एकदा राहिलेल्या स्तनाचा मॅमोग्राम करावा. काही त्रास नसताना भीतीपोटी वरचेवर अंगभर स्कॅन करून घेण्याने आयुष्य वाढते असे आढळलेले नाही. १९९४ साली इटलीतील दोन चाचण्यांनी ते दाखवून दिले. उलट, नवा त्रास मात्र लपवू नये. व्रणाजवळ किंवा काखेत गाठ, न थांबणारी हाडांची दुखी, रेंगाळणारा कोरडा खोकला, दम लागणे, पूर्वी नसलेली डोकेदुखी, अकारण वजन उतरणे, यांपैकी काहीही दोन-तीन आठवड्यांपलीकडे राहिले तर डॉक्टरांस कळवावे. पाठदुखीबरोबर पायांतील शक्ती कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. विलंबाने पाय कायमचे जातात. औषधे चालू असताना ताप आला तरी तसेच करावे. आणि पहिल्या दुखण्याची फाईल कधीही टाकून देऊ नये. ती आमच्या घरी देवघराखालच्या कप्प्यात होती, म्हणून नऊ वर्षांपूर्वीचा अहवाल एका दिवसात हाती लागला.

ज्यांना हा रोग कधी झाला नाही, त्यांनीही तपासणी करून घ्यावी. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे मुंबईतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी घटले. यास मोठे यंत्र लागले नाही. आपल्या महिला शाखेने मनावर घेतले तर तज्ज्ञांच्या मदतीने असे शिबिर येथेही भरविता येईल.

आता थोडे अप्रिय बोलावे लागत आहे, त्याची क्षमा असावी. रोग परतल्याची गोष्ट आम्ही सात महिने ज्ञातीपासून लपविली. त्याचे कारण आमच्या कन्येचा विवाह. मंडळाच्या वधूवर मेळाव्यात तिचे नाव नोंदविलेले होते. एका ठिकाणी बोलणी बरीच पुढे गेली होती, आणि आईचे दुखणे कळताच ती थांबली. कोणी वाईट शब्द बोलले नाही. फक्त दूरध्वनी येईनासे झाले. तेव्हापासून सौ.ने समारंभास जाणे सोडले. औषधाच्या बाटल्या पाहुणे आले की कपाटात जात. दुखण्यापेक्षा हे लपविणे तिला अधिक थकविते, असे आम्हांस दिसत होते.

म्हणून वस्तुस्थिती सांगतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे पाच ते दहा जणींतच तो आनुवंशिक दोषाने होतो. त्या दोषाची दोन प्रमुख जनुके १९९४ व १९९५ साली सापडली, आणि ज्या घराण्यात लहान वयात किंवा अनेक जणींना हा रोग झाला असेल, तेथे रक्ततपासणीने खात्री करता येते. तो दोष असलाच तर मुलीची काळजी कशी घ्यावी हेही ठाऊक आहे. आणि तो वडिलांच्या बाजूनेही येऊ शकतो, हे आपण वरपित्यांनी विसरू नये. बाकीच्या नव्वद घरांतील मुलींना आपण कोणत्या न्यायाने नाकारतो? २०१८ साली स्तनाचा कर्करोग झालेल्या चित्रपटलेखिका ताहिरा कश्यप यांनी तो परतल्याचे एप्रिल २०२५ मध्ये स्वतः जगजाहीर केले. त्यांना जे उघडपणे सांगता आले, ते आमच्या सौ.ला आपल्याच माणसांत सांगता येऊ नये, हे आपणा सर्वांस विचार करावयास लावणारे आहे.

आम्हांस साहाय्य कोणाचे झाले, तेही सांगतो. आमच्या शेजारच्या बाईंनी आम्ही आजारी असताना दोन वेळा सौ.स परळला नेले. वाटेत दुखण्याविषयी एक अक्षर काढले नाही, भाज्यांच्या भावाविषयी बोलल्या. वहिनी महिन्यातून चार दिवस येऊन राहत. एका ज्ञातिबंधूंनी न विचारता मुंबईतील नात्याच्या घराची किल्ली आणून दिली. मदत याला म्हणतात. “काही लागले तर सांगा” असे म्हणणारे पुष्कळ भेटले. “मंगळवारी मी येतो, तुम्ही झोपा” असे म्हणणारे मोजके. आणि एका सद्‌गृहस्थांनी रोज फोन करून गोळ्या बंद करा, अमुक चूर्ण घ्या, असा लकडा लावला, त्यांस अखेर हात जोडावे लागले. कोणताही अन्य उपाय डॉक्टरांपासून लपवून करू नये, एवढेच आमचे म्हणणे.

शेवटाविषयीही बोलावयास हवे. आम्ही उभयता त्याविषयी बोललो आहोत. वेदनेने तळमळत जाणे आता अटळ राहिलेले नाही. मॉर्फिनसारखी औषधे मिळणे सुलभ व्हावे म्हणून २०१४ साली कायदा सुधारला गेला. वांद्र्यास १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे. देशातील अशा प्रकारचे ते पहिले. वेदनाशमनाचा डॉक्टर म्हणजे यमदूत नव्हे; तो लवकर भेटला तर दिवस सुखाचे जातात. सौ.ने काय करावे आणि काय करू नये, ते वहीत लिहून ठेवले आहे. लिहून झाल्यावर तिने उत्तम पुरणपोळ्या केल्या.

मंडळाकडे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, दुखण्यातून उठलेल्यांचा सत्कार जरूर करावा, परंतु विजयाची भाषा टाळावी. आणि दुखणे चालू असलेल्यांनाही त्याच मानाने बोलवावे. दुसरी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील ज्या सभासदांना महिन्यातून एक दिवस रुग्णासोबत परळला जाणे शक्य आहे, त्यांच्या नावांची वही मंडळाने ठेवावी. तीत पहिले नाव आमचे लिहावे. तिसरी, वधूवर मेळाव्यात आईबापांच्या दुखण्यावरून मुलामुलींचे मोल करू नये, असा ठराव करावा.

आमच्या कन्येचा विवाह गेल्या वर्षी झाला. मुलाकडील मंडळींना आम्ही पहिल्याच भेटीत सर्व सांगितले होते. विहीणबाईंनी सौ.चा हात हातात घेऊन एवढेच विचारले, “पुढची तारीख केव्हाची आहे?” त्या दिवसापासून औषधे कपाटाबाहेर आहेत.

रोग परतून आज तीन वर्षे होत आली. गोळ्या चालू आहेत, मणक्यांतील रोग स्थिर आहे. उद्याचे आम्ही सांगू शकत नाही. पण उद्याचे येथील कोणीच सांगू शकत नाही. राहता राहिला प्रश्न त्या शालीचा. ती आम्ही परत केलेली नाही. पहाटे पाचच्या गाडीला थंडी वाजते, तेव्हा सौ. ती पांघरते. आजही ती तिच्या खांद्यावर आहे. मंडळाने दिलेली ऊब तिला जिंकण्यासाठी नव्हे, प्रवासासाठी हवी होती. आणि प्रवास चालू आहे.